बंदची खूण

माझ्या बापाला मी एका व्हिएतनामी हॉटेलात गप्प केलं, त्याला आता आठ महिने झाले. तोंडाने एक शब्द बोललो नाही. नुसता हात हलवला. बायकोला मी हे अजून सांगितलेलं नाही, आणि इथे पहिलं वाक्य लिहूनसुद्धा दोनदा उठलो, एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगीच.

निमित्त होतं मुलीच्या दहावीच्या निकालाचं. चांगले मार्क पडले होते, आमच्या घराण्यात कुणाला न पडलेले. बक्षीस काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाली, वेसूला व्हिएतनामी स्ट्रीट फूडचं नवीन हॉटेल झालंय, वर्गातल्या सगळ्या जाऊन आल्या, मी एकटीच फोटो बघत बसते. मी म्हटलं, चल. तर म्हणाली, आबा पण येणार. बायकोने या प्रकरणातून आधीच अंग काढून घेतलं. नूडल्स टाकलेलं पाणी हे तिच्या मते आजारी माणसाचं जेवण, आणि देवाच्या दयेने ती धडधाकट आहे. तेव्हा आम्ही तिघं निघालो.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडच्या गावातून लग्नाआधीच सुरतेला आले आणि बमरोलीच्या लूमच्या कारखान्यात लागले, ते हात थकेपर्यंत तिथेच होते. चालू कारखाना ज्याने पाहिला नाही त्याला त्या आवाजाची कल्पना देणं कठीण आहे. एका पत्र्याखाली शंभर लूम. शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी अर्धंच पोचतं. तिथे बारा तास उभा राहून माणूस घरी आला की त्याचे कान मागाहून घरी येतात, आणि काही वर्षांनी ते येतच नाहीत. आबांचे तसेच गेले. आपलं बोलणं आपल्याला तरी ऐकू यावं म्हणून ते जन्मभर ओरडून बोलत आले. 'मीठ दे' म्हणाले तरी चार घरांना कळायचं की यांच्या भाजीत मीठ कमी आहे.

नवागामला आमच्या गल्लीत याचं कुणाला काही वाटत नसे. गल्लीतले सगळेच पुरुष लूमवर, सगळ्यांचंच बोलणं असं. संध्याकाळी चौघे ओट्यावर बसले की परक्याला वाटावं भांडण जुंपलंय. जवळ जाऊन ऐकलं तर विषय वांग्याच्या भरताचा.

दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मी त्यांना अडाजणच्या फ्लॅटवर आणलं. फ्लॅटला ओटा नाही. लिफ्टमध्ये आबा कुणाला 'कसं काय शेठ' म्हणाले की समोरचा माणूस दचकून भिंतीला टेकतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने मला एकदा सांगितलं, "काकाने कहो ने, जरा धीमे बोले." हसत हसत सांगितलं, म्हणून जास्त झोंबलं. मी कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि परत डबीत ठेवलं.

"हाईमा माले घड्याळनी टिकटिक ऐकू येस," ते म्हणाले. "बोलाले माणूस कोठे शे?"

घरात तेव्हा आम्ही तिघंही होतो. पण आम्ही बोलतो ते मोबाईलवर, आणि त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. शेजारी ऐकतील म्हणून मी ओरडत नव्हतो. रिंग रोडवरच्या एका साडीवाल्या शेठच्या पेढीत मी मॅनेजर आहे, दिवसभर मऊ आवाजात बोलायचं माझं काम. ती सवय घरीही लागली.

तर ते हॉटेल. दारात एक जुनी सायकल, तिला टोपल्या टांगलेल्या. वर टोकदार बांबूच्या टोप्या उलट्या करून त्यांत दिवे सोडलेले. बसायला गुडघ्याएवढी लाल प्लास्टिकची स्टुलं, टेबलं पत्र्याची, ताटल्या कल्हईच्या वाटाव्यात अशा. रस्त्यावरचं सगळं उचलून एसीत आणून ठेवलं होतं, फक्त धूळ आणि कुत्री तेवढी बाहेर राहिली होती. गल्ल्यामागे पाटी होती: शुद्ध शाकाहारी, जैन पण मिळेल. व्हिएतनामात लोक काय खात असतील ते खात असतील, सुरतेत यायचं तर पनीर खावं लागतं.

आबा त्या स्टुलावर बसले तसे त्यांचे गुडघे हनुवटीला आले. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"मी म्हणत व्हतू मोठं हॉटेल शे," ते म्हणाले. "आठे तर चहानी लारीवर बठाडतस तसंच बठाडतस."

निम्मं हॉटेल वळून बघायला लागलं. मुलगी तोंडावर हात धरून हसली. मीही हसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, की सुरुवातीला मीही हसलो होतो.

ऑर्डर घ्यायला एक मुलगी आली, पाठीवर तसलीच बांबूची टोपी बांधलेली. आबांनी तिचा चेहरा बघितला आणि मेनू बाजूला ठेवला.

"बेटी, किधर की?"

"असम, दादाजी."

"रेल में कितने दिन लगते?"

"तीन दिन."

"हमारा तो एक ही रात का था," आबा म्हणाले. "तो भी मेरी माँ स्टेशन पे इतना रोई." त्यांनी हात छातीपर्यंत नेऊन किती ते दाखवलं. तिला हसू आलं, आणि मग ती जरा गंभीर होऊन म्हणाली की तिचीही आई रडली होती. त्यानंतर बाकीच्या टेबलांना थांबवून ती आमच्याकडेच येत राहिली.

तिने आणलं काय, तर एका ताटलीत तांदळाच्या पातळ गोल चकत्या, पारदर्शक, एकावर एक. शेजारी कोमट पाण्याचं भांडं, काकडी-गाजराच्या काड्या, पनीर, पुदिना, तुळशीसारख्या वासाचा पाला, आणि शेंगदाण्याची गोडसर चटणी. पाहुण्यांनी आपलं आपण गुंडाळून खायचं, अशी पद्धत. आबांनी एक चकती उचलली, दिव्यासमोर धरली, तिचा वास घेतला आणि कोपरा मोडून दाताखाली धरला.

"हाई तर बिबडा शे," ते म्हणाले. "कच्चाच आनी दिन्हा."

बिबडे म्हणजे आमच्या खानदेशात उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ शिजवून, थापून, खाटेवर वाळवतात ते पापड. भाजल्याशिवाय कुणी खात नाही. आबांनी ताटली उचलून त्या मुलीपुढे धरली आणि सांगितलं, बेटी, तुम्हारा आदमी ये भूनना भूल गया. तिने न हसता एक चकती घेतली, पाण्यात बुडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. चकती हातावरच मऊ झाली, ओल्या मलमलीसारखी, खालच्या हाताच्या रेषा दिसायला लागल्या. आबा बराच वेळ बघत राहिले.

"तुनी आजी ऱ्हाती ते तिले दखाडतू," ते नातीला म्हणाले. "जलमभर खाटवर वाळाडतच ऱ्हायनी. आठे लोक वाळेल परत भिजाडतस."

मग ते गुंडाळायला बसले. माझी पहिली गुंडाळी फुटली, दुसरीही फुटली. माझ्या मुलीची पोटातून उसवली. आबांची एकही फुटली नाही. लूमवर तुटलेला धागा अंगठा आणि बोटाच्या मधे धरून एका पिळात सांधायचा असतो, चालू आवाजात, न बघता. ती बोटं अजून तशीच होती. त्यांनी पाला आत दाबला, कडा दुमडल्या, आणि बिडीच्या कट्ट्यासारख्या घट्ट सारख्या आठ गुंडाळ्या ताटलीत ओळीने लावल्या. शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, त्यांचं सगळं सारण मांडीवर पडत होतं. आबांनी आपली एक गुंडाळी उंच धरून त्यांना हाक दिली, "ऐसा दाबो, ऐसा! डरो मत." त्या बाईने स्टूल आमच्याकडे वळवलं आणि शिकून घेतलं. तिचा नवरा म्हणाला, वाह काका.

खरं सांगायचं तर त्या हॉटेलात तेव्हा कुणालाच आबांचा त्रास होत नव्हता. आई गेल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. आमची मुलगी फोटो काढत होती. फोची, म्हणजे त्या नूडल्सच्या पाण्याची, मोठी वाटी आली, तिचं पाणी चाखून आबा म्हणाले, मसाला टाकायचा राहिला वाटतं, पण वास चांगला शे. आणि तेवढ्यात दार उघडून माझे शेठ आत आले. बरोबर शेठाणी आणि मुलगा-सून.

इथे मला अकरा वर्षं मागे जावं लागेल. पेढीवर मी लागलो तेव्हा शेठनी विचारलं होतं, फादर शुं करे छे? मी म्हणालो, टेक्स्टाइल लाइनमां. क्यां? बमरोली बाजू. बमरोलीला मिलवालेही असतात आणि लूमवर उभे राहणारेही असतात. शेठनी आपल्या मनाने त्यातलं एक घेतलं आणि मी ते राहू दिलं. पुढे ते व्यापाऱ्यांशी माझी ओळख करून देताना म्हणायला लागले, याचे फादर जुने टेक्स्टाइलवाले. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं मी ते अकरा वर्षं पीत आलो. खोटं मी एकदाही बोललो नाही. हेच मी स्वतःला सांगत असे, आणि ते ऐकायला बरं वाटत असे.

वर आणखी गंमत अशी की शेठ स्वतः दर दिवाळीला पेढीच्या पूजेनंतर सगळ्यांना सांगतात, त्यांचे वडील खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव हिंडायचे. अभिमानाने सांगतात. म्हणजे माझं ते झाकून ठेवणं शेठसाठी नव्हतंच. ते माझ्या एकट्यासाठी होतं. नवागामच्या ओट्यावर वाढलेला मी अडाजणला येऊन नाकाने कांदे सोलायला लागलो होतो, दुसरं काही नाही.

शेठनी मला पाहिलं, हात वर केला आणि टेबलापाशी आले. मी उठून उभा राहिलो. आबाही उठले, बोटं रुमालाला पुसत, तोंडभर हसत. त्यांना माझे शेठ भेटणार याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. कारखान्यातली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, त्यामुळे शेठचं गुजराती त्यांना नीट कळलं.

"काका, तमे तो जूना टेक्स्टाइलवाळा," शेठ म्हणाले. "कई मार्केटमां बेसता?"

"मार्केट?" आबा म्हणाले. आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो जड, उबदार हात अजून मला खांद्यावर जाणवतो. "मार्केट में किधर बैठेंगे शेठ. हम तो खड़े रहनेवाले. मैं और मेरा ये पोऱ्या, दोनों..."

पुढचं मला ठाऊक होतं. त्यांच्या शेजारच्या लूमवर मीही दीड वर्ष उभा होतो, हे ते सांगणार होते. नवागामला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत आणि मग म्हणत, आता बघा कुठे आहे. त्यांच्या दृष्टीने माझी सगळी थोरवी त्या दीड वर्षाने सुरू होत होती. आणि ती ते आता शंभर लूमच्या आवाजावर मात करणाऱ्या आवाजात, शेठाणी आणि सुनेसमोर, सांगणार होते.

मी टेबलाच्या उंचीवर हात आणला, तळवा जमिनीकडे केला आणि आडवा कापल्यासारखा फिरवला. एकदाच.

आबा गप्प झाले. शब्द तोंडात अर्धा होता, तो तसाच राहिला. त्यांनी तोंड मिटलं, माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि ते खाली बसले.

"फादरने सांभळवामां तकलीफ छे," मी शेठना मऊ आवाजात सांगितलं, ऐकू कमी येतं म्हणून. शेठनी मान डोलावली, आबांना नमस्कार केला आणि ते त्यांच्या टेबलाकडे गेले. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

ती खूण काय होती ते आता सांगतो. आवाजामुळे कारखान्यात माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं जोडून झटक्याने वेगळी केली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीला पीळ दिला की मालक आला. मूठ आपल्याकडे ओढली की मशीन चालू कर. आणि तळवा आडवा फिरवला की बंद. बंदची खूण मुकादमाची. तो कुणाच्याही समोर येऊन ती करू शकतो, आणि ती दिसली की माणूस विचार करत नाही, त्याचा हात आधी दांड्याकडे जातो. पंधरा-वीस वर्षं तसं केलं की ते अंगातच बसतं. आबांच्याही ते अंगात बसलेलं होतं, आणि मला ते माहीत होतं. हॉटेलात मी त्यांना "आबा, थांबा" म्हणालो असतो तर ते थांबले नसते. ऐकूच गेलं नसतं.

मी ही खूण शिकलो ती बारावीला नापास झाल्यावर. गणित आणि इंग्रजी, दोन्ही गेले. आबांनी मुकादमाला सांगून मला त्यांच्या शेजारच्या लूमवर उभं केलं. पहिले काही महिने मी रडकुंडीला येत असे, मग जमायला लागलं, मग चांगलंच जमायला लागलं. एके दिवशी मुकादमाने माझा सांधलेला ताणा बघितला आणि आबांकडे वळून आपल्या बोटांचं चुंबन घेतलं, म्हणजे पोराचा हात उत्तम आहे. मी फुगलो. आबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर पाळीत ते आपले लूम सोडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी खूण केली, बंद. मला वाटलं धागा तुटला. शोधला, सगळे धागे नीट होते. त्यांनी परत केली, बंद. मी दांडा ओढला, मशीन थांबलं. मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. बाहेर रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "तुना हात बठाले लागना. आते निंघ आठेन. परत येवू नको." हात एकदा बसला की माणूस तिथून सुटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्या वर्षी परत परीक्षेला बसलो. पुढे बी.कॉम. झालो, पेढीवर लागलो, अडाजणला फ्लॅट घेतला. जे काही आहे ते त्या खुणेपासूनचं आहे. आणि ती खूण मी कुठे वापरली, तर वेसूला, बिबड्यांच्या ताटलीवर.

बाकीचं जेवण आबांनी मुकाट्याने केलं. असमची मुलगी आली आणि तिने विचारलं, दादाजी, और बिबडा लाऊँ? शब्द तिने पाठ केला होता. आबांनी हसून मान हलवली, नको. शेजारची बाई आपली न फुटलेली गुंडाळी दाखवायला वळली, तिलाही त्यांनी नुसतं बोट वर करून छान म्हटलं. फो थंड होऊन गेला. आमची मुलगी माझ्याकडे बघत होती, मी शेठच्या टेबलाकडे बघत होतो. तिथे कुणी आमच्याकडे बघतही नव्हतं.

गाडीत मुलीने विचारलं, "पप्पा, तुम्ही हाताने काय केलं?"

"माशी होती," मी म्हणालो. एसीच्या हॉटेलात माशी.

पण ती माझीच मुलगी, तिने आबांना विचारलं. चार दिवसांनी बघतो तर दोघं हॉलच्या या टोकाला आणि त्या टोकाला बसून हातांनी बोलतायत. चहा, धागा तुटला, मालक आला. मालक म्हणजे मी. तिला तो खेळ फार आवडला. रात्रीच्या जेवणाला ती मला म्हणाली, "पप्पा, माशी नव्हती, ती बंदची खूण होती. आबांनी सांगितलं, तुम्ही का केली ते."

मी हातातला घास ताटात ठेवला. "का केली?"

"ते बोलत बसले होते आणि त्यांचं जेवण थंड होत होतं म्हणून." मग ती आबांची नक्कल करत म्हणाली, "तुना बापले मनी काळजी शे."

आबा समोर बसून भाकरी कुस्करत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी वर बघितलं नाही.

मला माफी मागायची होती. एका रविवारी बायको आणि मुलगी बाहेर गेल्या असताना मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो. ते गॅलरीत पायरीसारखा पाट टाकून बसतात, खाली रस्त्यावरची माणसं बघत.

"आबा," मी म्हणालो, "त्या दिवशी हॉटेलात माझं चुकलं."

"काय?"

"हॉटेलात. माझं चुकलं."

"काय म्हनस? मोठा बोल," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

समोरच्या गॅलरीत सेक्रेटरी झाडांना पाणी घालत होता. मोठ्याने बोलायचं म्हणजे त्याला ऐकू जाणार, वरच्यांना ऐकू जाणार. मी तोंड उघडलं. आणि विचारलं, चहा घेता का, अंगठा ओठाला लावून. आबांनी मान डोलावली. मी आत जाऊन चहा केला. कारखान्यात माफीची खूण नव्हती, कुणाला लागली नसावी.

आबा गप्प गप्प झाले असते तर मी समजू शकलो असतो. तसं झालं नाही. घरात ते पूर्वीसारखेच ओरडतात, नातीशी भांडतात, टीव्हीला शिव्या देतात. फरक पडला तो मी बरोबर असलो आणि परका माणूस समोर आला की. आधी मला तो कळलाच नाही. बँकेत खिडकीवरच्या बाईने त्यांना काही विचारलं, त्यांनी उत्तर देण्याआधी खाली बघितलं. मला वाटलं फॉर्म बघतायत. मग डॉक्टरकडे तेच. मग लिफ्टमध्ये, शेजारी आत आला, आबांचं तोंड उघडलं, त्यांची नजर खाली गेली आणि तोंड मिटलं. ते कुठे बघतात हे मला कळत होतं, पण मी ते कळून घेत नव्हतो.

उत्तरायणच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आदल्या आठवड्यात मुलीचा वाढदिवस आला. तिला तेच हॉटेल हवं होतं. या वेळी मी मनाशी ठरवून गेलो होतो, आज आबांना बोलू द्यायचं. शेठ आले तरी, शेठचे शेठ आले तरी. तीच स्टुलं, तेच दिवे. शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं. सगळं हॉटेलच अर्धं रिकामं होतं. असमच्या मुलीने आम्हाला दारातच ओळखलं आणि ती थेट आबांसमोर येऊन वाकली.

"दादाजी, बहुत दिन बाद. गाँव गए थे क्या? आज मुझे भी सिखाओ, मेरा हमेशा फटता है."

आबांचा चेहरा उजळला. त्यांना सगळं कळलं होतं, ते तिच्या ओठांकडेच बघत होते. त्यांनी श्वास घेतला, आणि बोलण्याआधी त्यांनी खाली बघितलं.

माझे हात टेबलावर होते. दोन्ही, मेनूच्या बाजूला, पालथे. मी ते झटकन उचलले आणि टेबलाखाली नेऊन गुडघ्यांत धरले.

"बोला ना आबा," मी म्हणालो. पण ते मी माझ्या पेढीवरच्या आवाजात म्हणालो, मला दुसरा आवाज आलाच नाही.

हात जिथून गेले त्या जागेकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी वर बघितलं, हवेत बोटाने एक गोल काढला, बिबड्याएवढा, आणि तीन बोटं दाखवली. तीन ताटल्या. असमच्या मुलीला कळलं, ती हसून आत गेली. आणि आबा माझ्याकडे वळून हसले, बघ, जरासुद्धा आवाज केला नाही, असं.